उंट नसलेल्या गावातील एक प्रश्न

सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, ज्याने मानवाला विचार करण्याची शक्ती दिली आणि ज्ञानामुळे त्याला फरिश्त्यांसमोर मान दिला. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सर्व सहाबांवर.

सहीह बुखारीच्या ‘किताबुल इल्म’ या ज्ञानविषयक भागात एका बैठकीचे वर्णन आले आहे. प्रेषित (स.) सहाबांमध्ये बसलेले होते आणि त्यांनी उपस्थितांना एक कोडे घातले. एक झाड असे आहे की ज्याची पाने गळत नाहीत आणि ज्याचे मुस्लिमाशी साम्य आहे. ते झाड कोणते? सर्वांची मने रानावनातील झाडांमध्ये भटकू लागली. त्या बैठकीत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) हेही होते, वयाने सर्वांत लहान. त्यांच्या मनात आले की ते खजुराचे झाड असावे. परंतु अबू बक्र (रजि.) आणि आपले वडील उमर (रजि.) यांच्यासारखे वडीलधारे गप्प आहेत, मग आपण कसे बोलावे, या संकोचाने ते गप्प राहिले. शेवटी प्रेषितांनी (स.) स्वतःच सांगितले की ते खजुराचे झाड आहे.

घरी परतताना मुलाने ही गोष्ट वडिलांना सांगितली. उमर (रजि.) यांनी मुलाच्या अदबीचे कौतुक केले असेल असे आपल्याला वाटेल. त्यांनी तसे केले नाही. तू ते बोलला असतास तर मला अमुक-तमुक संपत्ती मिळण्यापेक्षा अधिक आनंद झाला असता, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले.

या हदीसमध्ये खजुराच्या झाडाचे महत्त्व आहेच. परंतु तुम्ही पालक असाल तर क्षणभर दुसऱ्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. उत्तर प्रेषितांना (स.) ठाऊक होते आणि ते सरळ सांगून सहाबांकडून पाठ करून घेता आले असते. त्यांनी प्रश्न विचारला, लोकांना थोडा वेळ अंधारात चाचपडू दिले आणि मगच उत्तर दिले. दुसरी गोष्ट त्या बापाची हळहळ. मुलगा भर सभेत वडीलधाऱ्यांच्या आधी बोलला असता तर त्यांना आनंद झाला असता. आपल्या घरात असे घडले तर आपल्याला काय वाटेल?

मला काय वाटले होते ते मी सांगू शकतो, आणि ते सांगण्यात मला अभिमान वाटावा असे काही नाही.

डहाणू तालुक्यातील एका मक्तबात मी काही वर्षे मुलांना शिकवीत असे. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अम्म पाऱ्यातील सूरह गाशियह चालू होती. एरवी आम्ही केवळ वाचन आणि पाठांतर करून घेत असू. त्या दिवशी कोण जाणे कसे, मुलांना अर्थही सांगावा असे माझ्या मनात आले. या सूरहमध्ये अल्लाह विचारतो की हे लोक उंटाकडे पाहत नाहीत काय, तो कसा निर्माण केला गेला आहे (८८:१७). एवढे मी सांगितले तोच मागच्या ओळीतला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा उभा राहिला.

“उस्ताद, आपल्या गावात उंटच नाही. मग आम्ही कशाकडे बघायचं?”

मुले हसली. मला तो वात्रटपणा वाटला. कुरआनच्या सबकाच्या वेळी हा विनोद करतो! मी म्हणालो, “खाली बस. आधी सबक पाठ कर, मग अक्कल पाजळ.” तो खाली बसला. आठवड्याभरात त्याने ती सूरह एकही चूक न करता पाठ म्हणून दाखविली आणि मी त्याच्या वडिलांना सांगितले की मुलगा हुशार आहे. त्यानंतर दोन वर्षे तो माझ्याकडे येत होता. त्या दोन वर्षांत त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

आता तुम्हीच ती सूरह उघडून पाहा. उंटाच्या आयतीनंतर लगेच तीन आयती येतात. एकीत आकाशाकडे पाहण्यास सांगितले आहे, ते कसे उंच केले गेले. दुसरीत पर्वतांकडे, ते कसे रोवले गेले. तिसरीत जमिनीकडे, ती कशी अंथरली गेली. भाष्यकारांनी येथे एक सुंदर गोष्ट लक्षात आणून दिली आहे. वाळवंटात प्रवास करणाऱ्या अरबाच्या अगदी जवळ काय असे? त्याचा उंट. मान वर केली की आकाश, समोर पाहिले की डोंगर, खाली पाहिले की जमीन. म्हणजे अल्लाहने त्या माणसाला दूरदेशीचे काही शोधून आणण्यास सांगितलेच नव्हते. जे तुझ्या डोळ्यांसमोर रोज आहे त्याकडेच नीट पाहा, असा तो आदेश होता. आमच्या मक्तबाच्या खिडकीतून पूर्वेकडच्या डोंगरांची रांग दिसत असे. त्या मुलाने आयतीच्या अगदी गाभ्याला हात घातला होता आणि मी, त्याचा उस्ताद, त्याला सबक पाठ करायला बसवीत होतो.

ही चूक मला उमगली ती कोसबाडच्या टेकडीमुळे. डहाणू-तलासरीकडच्या वाचकांना ही टेकडी नवी नाही. इतरांसाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण ज्या गोष्टीसाठी आपण शहरातल्या महागड्या शाळांकडे पाहतो ती गोष्ट या भागात पाऊणशे वर्षांपूर्वी घडून गेली आहे.

ताराबाई मोडक या बालशिक्षणाच्या क्षेत्रातील थोर विदुषी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीवर त्यांचा विश्वास होता. मुंबईत दादरला शिशुविहार चालवून नाव झाल्यावर, पन्नाशी ओलांडलेल्या वयात, १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांना साथ दिली अनुताई वाघ यांनी. अनुताई बालविधवा, तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढे केंद्राचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली पाड्यांमध्ये पसरले.

येथे त्यांच्यासमोर तोच प्रश्न उभा राहिला जो माझ्या त्या विद्यार्थ्याने विचारला होता. मॉन्टेसरीच्या पुस्तकात रंगीत मणी, लाकडी ठोकळे, घासून गुळगुळीत केलेली साधने. कोसबाडला यांतले काय आहे? काहीच नाही. मग त्यांनी मुलांना कशाकडे पाहायला लावले? गारगोट्या, शिंपले, चिंचोके, पाने, फुले, काड्या. मोजणी चिंचोक्यांनी, आकार पानांनी, रंग फुलांनी. पुस्तकातील साधन सोडले परंतु त्या साधनामागचा हेतू सोडला नाही. हा फरक कृपया ध्यानात ठेवा, कारण पुढे आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

तरीही मुले बालवाडीत येत ना. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मला. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा हेच नाव देशभर गेले. आज तुमच्या गल्लीतील अंगणवाडीच्या पाटीवर कोसबाडचा तो शब्द आहे. थोरली मुले दिवसभर गुरे राखीत. ती शाळेत कशी येणार? म्हणून शिक्षकच गुरांमागे कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ भरली. मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असत. त्यांना घरी ठेवले तर मुलगी येत नाही. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून ‘विकासवाडी’ उभी केली. मूल शाळेत बसत नाही याचा दोष त्यांनी मुलाला दिला नाही, शाळेची रचना बदलली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. हे सन्मान आले त्याला आनंद आहे, परंतु माझ्या लेखी कुरणात बसलेली ती शाळाच मोठी आहे.

एखादे वाचक विचारतील की दीनच्या मासिकात या दोघींची उदाहरणे कशाला? त्यांना बद्रची आठवण करून देतो. बद्रच्या युद्धात पकडले गेलेले जे कैदी खंडणी देऊ शकत नव्हते परंतु ज्यांना लिहिता येत होते, त्यांच्याकडून प्रेषितांनी (स.) अन्सारांच्या मुलांना लिहिणे शिकवून घेतले आणि तीच त्यांची खंडणी ठरविली. ते शिक्षक मुस्लिम तर नव्हतेच, काल-परवापर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. कोसबाडच्या या दोन स्त्रिया तर आपल्याच भूमीतल्या, गरिबांच्या मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या.

याच मातीतले आणखी एक नाव घेतो. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळ कळंबीपाड्याला राहिले. सातव्या वर्षी आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाने बोलणेच सोडले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. जे सांगायचे ते तो धुळीत बोटाने रेषा काढून सांगू लागला. वारली समाजात भिंतीवरची चित्रे लग्नप्रसंगी स्त्रिया काढीत; या पुरुषाने तो रिवाज ओलांडला, दररोजच्या जीवनाची चित्रे काढली, जगभर नाव झाले आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. चित्रकलेसंबंधीच्या फिक्ही प्रश्नात मी येथे शिरत नाही. ते उलमांचे क्षेत्र आहे. मला फक्त तो धुळीत रेषा काढणारा मुका मुलगा दिसतो. आपल्या एखाद्या वर्गात तो असता तर आपण त्याच्या प्रगतिपुस्तकावर काय लिहिले असते? ‘पाठांतर नाही, उत्तर देत नाही, नापास.’

आणि येथे पुन्हा हदीस आठवते. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) सांगतात की एकदा प्रेषितांनी (स.) जमिनीवर रेषा काढून शिकविले. एक चौकोन काढला, त्याच्या मधून बाहेर जाणारी एक रेषा ओढली आणि त्या मधल्या रेषेच्या बाजूंना लहान लहान रेषा काढल्या. मग समजावले की हा मनुष्य, त्याला चारी बाजूंनी वेढणारे हे त्याचे आयुष्य, बाहेर गेलेली रेषा ही त्याची आशा आणि या लहान रेषा म्हणजे त्याच्यावर येणारी संकटे. एक चुकली तर दुसरी गाठते. मृत्यू आणि आशा यांवर ग्रंथ लिहिता येतील, एवढा हा विषय खोल. तो शिकवायला काही रेषा आणि मोकळी जमीन पुरली. आपल्या मक्तबात फळा असतो, खडू असतो, पण त्यांवर आपण वाराच्या तारखेपलीकडे काय काढतो?

आता सर्वांत नाजूक विषयाकडे येतो आणि येथे कोणाचाही गैरसमज होऊ नये अशी माझी इच्छा आहे. हिफ्जचा दर्जा फार मोठा आहे. कुरआन हृदयात साठविणाऱ्या मुलाच्या कपाळाचे चुंबन घ्यावे असेच मला वाटते. पाठांतराच्या विरोधात मी एक शब्दही बोलणार नाही. माझी तक्रार पाठांतरावर थांबण्याविषयी आहे. ज्यांना तौरात सोपविली गेली पण ज्यांनी तिचा भार खऱ्या अर्थाने उचलला नाही, त्यांना कुरआनने ग्रंथ वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे (६२:५). ही उपमा ऐकताना आपण ती नेहमी दुसऱ्यांकडे ढकलतो. एकदा ती आपल्या दप्तरांकडे आणि आपल्या उर्दू-अरबी सबकांकडे वळवून पाहा. आणि रहमानच्या खऱ्या दासांचे वर्णन करताना कुरआन म्हणतो की त्यांच्यासमोर त्यांच्या पालनकर्त्याच्या आयती वाचल्या गेल्या असता ते त्यांच्यावर बहिरे-आंधळे होऊन कोसळत नाहीत (२५:७३). म्हणजे आयतींसमोरही डोळे उघडे ठेवणे हा भक्तीचाच भाग ठरला.

सहाबांचे पाठांतर कसे होते? कूफामध्ये कुरआन शिकविणारे ताबिई अबू अब्दुर्रहमान सुलमी (रह.) यांनी आपल्या शिक्षकांविषयी सांगितले आहे की ते दहा आयती शिकत आणि त्यांतील ज्ञान व आचरण समजून घेतल्याशिवाय पुढच्या दहा आयतींकडे जात नसत. ज्या अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या मौनाने आपण सुरुवात केली, त्यांनी एकट्या सूरह बकरहसाठी आठ वर्षे घेतली अशी नोंद इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये आहे. आठ वर्षे! आज एखाद्या उस्तादाने असे केले तर महिनाअखेरीस आपण त्याच्या दारात उभे राहू आणि विचारू, “मौलवीसाहेब, शेजारच्या पोराचे पाच पारे झाले, आमचा मागे का?”

शालेय शिक्षणाचे तेच. गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, क्लासच्या नोट्स. मूल स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिते तेव्हा आपणच त्याला सांगतो की पुस्तकात आहे तसे लिही, गुण कापले जातील. इब्ने खल्दून यांनी सहाशे वर्षांपूर्वी मगरिबच्या मदरशांविषयी हीच खंत लिहून ठेवली आहे: विद्यार्थी बैठकांमध्ये वर्षानुवर्षे मुके बसतात, चर्चेत तोंड उघडत नाहीत, गरजेपेक्षा जास्त लक्ष पाठांतराकडे देतात आणि शेवटी विषयावर त्यांची पकड बसत नाही. सोळा सोळा वर्षे त्यात जात असत. आजार जुना आहे आणि वैद्यही आपल्याच घरातला होता. औषध मात्र आपण घेतले नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही प्रामाणिक लोक घेतात, म्हणून त्यांचे उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा की दीनमध्ये जास्त प्रश्न विचारणे निषिद्ध आहे. कुरआन व हदीसमध्ये काही प्रश्नांपासून रोखले गेले आहे हे खरे. परंतु ते कोणते प्रश्न? ज्यांतून विनाकारण बंधने वाढतात, ज्यांमागे थट्टा किंवा हुज्जत असते. समजून घेण्यासाठी विचारलेला प्रश्न त्यांत येत नाही. याचा पुरावा खुद्द कुरआनमध्ये आहे: लोक तुम्हाला चंद्रकोरींविषयी विचारतात, असे सांगून अल्लाहने उत्तर दिले (२:१८९). सामान्य माणसांच्या मनातले प्रश्न अल्लाहने आपल्या ग्रंथात अंतिम दिवसापर्यंत जपून ठेवले. हजरत इब्राहीम (अ.) यांनी तर अल्लाहलाच विचारले की तू मृतांना कसा जिवंत करतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही काय, असे विचारले गेल्यावर त्यांनी सांगितले की विश्वास आहे, पण मनाचे समाधान हवे आहे (२:२६०). ईमान असतानाही समाधान मागता येते हे त्या प्रसंगाने आपल्याला कळले. आणि हजरत आयशा (रजि.) यांच्याविषयी बुखारीतच नोंद आहे की न समजलेली गोष्ट ऐकली की समजेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा विचारीत. एकदा प्रेषितांनी (स.) सांगितले की ज्याचा हिशेब घेतला जाईल त्याला शिक्षा होईल. त्यांनी लगेच विचारले की मग अल्लाहने सोप्या हिशेबाचाही उल्लेख केला आहे, त्याचे काय? विचार करा: प्रेषितांच्या (स.) वचनासमोर कुरआनची आयत ठेवून प्रश्न विचारणारी ही पत्नी! प्रेषित (स.) रागावले नाहीत. ते केवळ कर्मे समोर मांडली जाणे होय, ज्याची कसून चौकशी झाली तो संपला, असे त्यांनी समजावले. आज ही हदीस आपल्याला या रूपात मिळाली ती त्या प्रश्नामुळे. अन्सारांच्या स्त्रियांना लाजेने दीन समजून घेण्यापासून रोखले नाही, अशी प्रशंसाही आयशा (रजि.) यांनीच केली आहे. आपल्या घरी मुलीने भावापेक्षा जास्त प्रश्न विचारले तर तिला ‘जास्त शहाणी’ म्हणणाऱ्या आयांनी व आज्यांनी हे वाचावे.

दुसरा आक्षेप बिदअतचा. नवा विचार म्हणजे वाट चुकणे, असे अनेकांच्या मनात घट्ट बसले आहे. इबादतमध्ये स्वतःच्या मनाची भर घालता येत नाही, यावर दुमत नाही. पण तुमच्या घरातील कपाटात आदराने ठेवलेला मुसहफ, एका जिल्दीत बांधलेला कुरआन, तो कसा आला हे मुलांना सांगितले आहे काय? यमामाच्या युद्धात अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा उमर (रजि.) यांनी अबू बक्र (रजि.) यांना सुचविले की कुरआन एकत्र लिहून काढावा. अबू बक्र (रजि.) यांनी तोच आक्षेप घेतला जो आपण घेतो: प्रेषितांनी (स.) जे केले नाही ते मी कसे करू? उमर (रजि.) आग्रह धरीत राहिले आणि अखेर अल्लाहने अबू बक्र (रजि.) यांचे हृदय त्यासाठी खुले केले. मग तरुण झैद बिन साबित (रजि.) यांना बोलाविले, त्यांचाही पहिला प्रश्न तोच होता. अखेर त्यांनीच खजुराच्या झावळ्यांवरून, दगडी पाट्यांवरून आणि माणसांच्या हृदयांतून कुरआन गोळा केला. पाठांतर होते म्हणून कुरआन सुरक्षित राहिला, आणि एका माणसाने रूढीबाहेरचा विचार केला म्हणून तो आपल्या हातात ग्रंथरूपाने आला. कोसबाडच्या चिंचोक्यांविषयी मी काय म्हणालो होतो ते आठवा. हेतू तोच, साधन नवे. खंदकाच्या युद्धात सलमान फारसी (रजि.) यांनी अरबांना माहीत नसलेला खंदक सुचविला, तीही हीच गोष्ट.

तेव्हा पालकहो, मुलाने प्रश्न विचारला तर निदान त्या क्षणी हातातला मोबाइल खाली ठेवा. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. इमाम मालिक (रह.) यांच्यासारखा इमाम अनेक प्रश्नांना ‘मला ठाऊक नाही’ असे उत्तर देत असे, आपली प्रतिष्ठा त्यांच्यापेक्षा मोठी नाही. पाऱ्यांचा हिशेब जरूर विचारा, पण आठवड्यातून एकदा मुलाला त्याने पाठ केलेली एखादी छोटी सूरह त्याच्या शब्दांत, घरच्या भाषेत सांगायला लावा. तो अडखळेल, भलतेच काही बोलेल. हसू नका. माझ्या वर्गातली मुले हसली होती, आणि त्या हसण्याला मी माझ्या रागाची जोड दिली होती.

मक्तबांच्या उस्तादांचे मानधन किती तुटपुंजे असते आणि एका खोलीत चाळीस मुले सांभाळताना घशाचे काय होते, हे मी भोगले आहे. त्यांच्यावर आणखी एक ओझे टाकण्याचा माझा विचार नाही. गुरांमागे जाणे शक्य नसेल, पण महिन्यातून एखाद्या दिवशी असरनंतर मुलांना बाहेर नेणे बहुतेकांना शक्य आहे. जमातीच्या जबाबदार मंडळींनी उस्तादाला एवढी मोकळीक द्यावी. ‘पोरांना फिरवतोय’ अशी तक्रार घेऊन जाणाऱ्यांना आधी त्यांनीच उत्तर द्यावे.

त्या मुलाची मी पुष्कळ वर्षांनी भेट घेतली. आता तो चिकूच्या वाडीत हिशेबाचे काम पाहतो. मी त्याची माफी मागितली. त्याला तो प्रसंग आठवत नव्हता. तो आदराने म्हणाला, “उस्ताद, तुम्ही शिकवलेली सूरह अजून तोंडपाठ आहे.” या उत्तराने मला जितके दुःख झाले तितके त्याने ओरडून तक्रार केली असती तरी झाले नसते.

गेल्या हिवाळ्यात एका मक्तबाच्या उस्तादांनी मला मुलांशी बोलायला बोलाविले. मी त्यांची परवानगी घेऊन मुलांना डहाणूच्या खाडीकाठी नेले. ओहोटी होती. त्याच चार आयती वाचल्या, अर्थ सांगितला आणि मुलांना म्हणालो, “आपल्याकडे उंट नाही. मग तुम्ही कशाकडे बघाल?” बराच वेळ कोणी बोलेना, मोठी मुले लहानांकडे आणि लहान मोठ्यांकडे पाहत राहिली. मग एकाने ताडाचे झाड दाखविले, एकाने बगळा. सर्वांत धाकटी मुलगी चिखलाच्या कडेला उकिडवी बसली होती. तिने बोट दाखविले. चिखलावर निवटे उड्या मारीत होते.

“हा मासा आहे ना?” तिने विचारले. “मग पाण्याबाहेर मरत कसा नाही?”

उंट वाळवंटात कसा तगतो हे मी पुस्तकांतून वाचलेले होते. निवट्याचे मला ठाऊक नव्हते, आणि मी तिला तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी ती आणि मी मिळून तिच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे गेलो. बाईंनी सांगितले की निवटा कल्ल्यांजवळच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो आणि अंग ओले असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून तो चिखल सोडून कोरड्यात फार लांब जात नाही. ती मुलगी परत येताना रस्ताभर ‘सुब्हानल्लाह’ म्हणत नव्हती. ती विचारीत होती की मग उन्हाळ्यात चिखल वाळल्यावर तो कुठे जातो. ते विचारायला आम्ही रविवारी मच्छीमार वस्तीत जाणार आहोत.